घरच्या प्रार्थनेला मागची बाकी नसते

ज्वारीचं सगळं पीठ सकाळीच मळून ठेवलं आणि संध्याकाळी थापायला घेतलं, तर भाकरीच्या कडा तडकतात. एका भाकरीपुरतं पीठ घ्यायचं, गरम पाण्यात मळायचं, लगेच थापायचं, मग पुढच्या भाकरीचं पीठ. येशूनं शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतलं चौथं मागणं मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" असं येतं, आणि ज्यांनी कुणी तिथं 'भाकर' हा शब्द निवडला त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. मूळ ग्रीकमध्ये 'रोजची' या अर्थाचा जो शब्द आहे तो मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांबाहेर जवळपास सापडतच नाही, आणि त्याच्या नेमक्या अर्थावर अभ्यासक अजून वाद घालतात. भाकर म्हणजे काय यावर मराठी घरात वाद होत नाही. ती त्या त्या दिवसाची असते.

घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेबद्दल हे लिहायचं आहे. बहुतेक ख्रिस्ती घरांत ती कधी ना कधी सुरू होते. नव्या वर्षाच्या उपासनेत ठरतं, नाहीतर घरात कुणी आजारातून उठलं की ठरतं. दोन-तीन आठवडे नीट चालते. मग लग्न येतं, परीक्षा येते, कुणाची दुसरी पाळी लागते आणि चार दिवस खंड पडतो. पाचव्या दिवशी वेळ असतो, माणसंही घरात असतात, तरी कुणी पवित्र शास्त्र उघडत नाही. लाज वाटते. "इतके दिवस केली नाही, आता कोणत्या तोंडानं बसायचं?" प्रार्थना मोडते ती खंड पडल्यामुळे कमी आणि या लाजेमुळे जास्त.

लाजेच्या मुळाशी हिशेब असतो. आपण प्रार्थनेची हजेरी लावतो आणि चुकलेल्या दिवसांची बाकी काढतो. कृपेवर विश्वास आहे असं म्हणणाऱ्या घरातही हा हिशेब चालतो, कारण डोक्यातली कृपा संध्याकाळी साडेसातपर्यंत पोचलेली नसते.

निर्गम या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात रानातल्या इस्राएल लोकांसाठी मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं रोजचं अन्न, पडतो ती गोष्ट या हिशेबाच्या अगदी उलट आहे. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप. ज्यानं जास्त गोळा केला त्याला उरला नाही, ज्यानं कमी केला त्याला उणा पडला नाही. काहींनी सकाळपर्यंत ठेवून पाहिला, तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचा आणि तो शब्बाथाला, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, टिकायचा. त्या अध्यायात एक गोष्ट कुठेच नाही, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: काल ज्यानं गोळा केला नाही त्यानं आज दोन ओमर गोळा करावेत, असं कुणी सांगत नाही. कालचं बुडालं ते बुडालं. आज सकाळी जमिनीवर आजचा मान्ना आहे.

म्हणून पहिला नियम हाच. चुकलेले दिवस भरून काढायचे नाहीत. चार दिवसांचं वाचन एकदम करायचं नाही, जास्त वेळ गुडघ्यावर बसून दंड भरायचा नाही, मुलांसमोर खंत व्यक्त करत बसायचं नाही. आज आहे त्या जागेपासून सुरू.

दुसरा नियम लांबीचा. प्रार्थना घरातल्या सगळ्यात वाईट दिवसाला झेपेल एवढीच ठेवावी. उत्साहाच्या दिवशी ठरवलेली 40 मिनिटं गॅस संपलेल्या, पाणी गेलेल्या, मुलाला ताप असलेल्या दिवशी शक्य नसतात. 12 मिनिटं पुरतात. एका गीताची दोन कडवी, तीन मिनिटं. दहा-पंधरा वचनांचं वाचन, तीन मिनिटं. त्यावर एक प्रश्न, दोन मिनिटं. प्रार्थना, तीन-चार मिनिटं. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना, ती संथ म्हटली तरी मिनिटाच्या आत होते. एखाद्या दिवशी मन लागलं आणि अर्धा तास बसले तर आनंदच आहे, पण त्या अर्ध्या तासाला नियम करू नये.

वेळ जेवणाआधीची बरी. जेवणानंतर लहान मुलं पेंगतात आणि मोठ्यांचं लक्ष झाकपाकीकडे असतं. कुकरची शेवटची शिटी झाली की बसायचं, अशी खूण घड्याळापेक्षा चांगली चालते, कारण कुकर रोज लागतोच. घरातला एक जण कारखान्यात दुपारी तीन ते रात्री अकराच्या पाळीला असेल, तर त्याच्यासाठी सगळ्यांनी थांबू नये. जे घरात आहेत त्यांनी बसावं आणि जो नाही त्याचं नाव घ्यावं. प्रभूनं दोघं-तिघं जमले तरी चालतील असं सांगितलं आहे, पूर्ण कुटुंबाची अट घातलेली नाही.

आता वाचन. इथे सगळ्यात मोठी चूक होते ती 'एका वर्षात पूर्ण पवित्र शास्त्र' या बेताची. प्रोटेस्टंट पवित्र शास्त्रात 1189 अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात होतात, हिशेब बरोबर आहे. पण उत्पत्तीचे 50 आणि निर्गमचे 40 अध्याय संपून जानेवारीच्या शेवटी लेवीय लागतं, आणि होमार्पणं, महारोगाचे नियम, शुद्ध-अशुद्ध प्राणी हे सगळं सात वर्षांच्या मुलासमोर मोठ्यानं वाचायची वेळ येते. त्यापाठोपाठ गणनेतल्या शिरगणतीच्या याद्या. फेब्रुवारीत बेत मोडतो. लेवीय वाचूच नये असं मी म्हणत नाही. ते एकट्यानं, टीपा बघत, सावकाश वाचायचं पुस्तक आहे. घरच्या वाचनासाठी मार्काचं शुभवर्तमान घ्यावं. 16 अध्याय, 678 वचनं. रोज 12च्या आसपास वाचली तर दोन महिन्यांत संपतं, आणि त्यात येशू सतत कुठेतरी निघालेला असतो, त्यामुळे मुलांना पुढे काय होतं ते हवं असतं. पवित्र शास्त्रात प्रत्येक प्रसंगाला उपमथळा दिलेला असतो. एक मथळा म्हणजे एक संध्याकाळ, इतकं सोपं. मार्कानंतर रूथ, चारच अध्याय. मग योना, तेही चारच. मग फिलिप्पैकरांस पत्र, ते तर कैदेतून लिहिलेलं आणि तरीही आनंदानं भरलेलं.

थकव्याच्या दिवशी स्तोत्रसंहितेतली स्तोत्रं. ही निवड आधीच करून पवित्र शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आकडे लिहून ठेवावेत, म्हणजे त्या दिवशी शोधाशोध नको. 117 दोनच वचनांचं. 131, 133 आणि 134 तीन-तीन वचनांची. 121 आणि 130 आठ-आठ. 127 पाच वचनांचं, आणि ज्या घरात आई-वडील दोघंही राबून दमतात त्यांनी ते महिन्यातून एकदा तरी वाचावं. 120 ते 134 ही 15 स्तोत्रं यरुशलेमेकडे वर चढून जाताना म्हणायची, वाटचालीची आहेत, म्हणूनच बहुतेक आखूड आहेत. वारीत चालणाऱ्या माणसांच्या या महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. लहान मुलं असतील तर 136वं घ्यावं. 26 वचनं आहेत आणि प्रत्येकाचा शेवट "त्याची दया सनातन आहे" असा. मोठ्या माणसानं पहिली ओळ वाचायची, मुलांनी दुसरी म्हणायची. वाचता न येणारं चार वर्षांचं मूलही त्यात पूर्ण भाग घेतं.

गीताबद्दल थोडं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला आणि 1919 साली ते वारले. मधल्या 24 वर्षांत त्यांनी अभंग आणि भजनाचा घाट मराठी ख्रिस्ती उपासनेत असा रुजवला की आजही ऑर्गन नसलेल्या घरात तेच आधी आठवतं. याचं कारण साधं आहे. भाषांतरित गीतांच्या चाली चार आवाजांसाठी बांधलेल्या असतात आणि साथीशिवाय लंगड्या वाटतात. अभंगाला टाळी पुरते. सुरू करताना पट्टी सांभाळावी. पुरुषानं स्वतःच्या सोयीनं काळी एकमध्ये सुरू केलं की बायका-मुलांचा आवाज खाली दबतो, आणि बाईनं काळी चार-पाचमध्ये घेतलं की पुरुष अंतऱ्यात गप्प होतात. घरातल्या सर्वांत लहान गाणाऱ्याला सुरू करू द्यावं, बाकीचे जुळवून घेतात. रोज नवं गीत नको. एकच गीत आठवडाभर ठेवलं की रविवारपर्यंत पुस्तकाशिवाय म्हणता येतं, आणि पाठ झालेलं गीत पुढे दवाखान्यातल्या बाकावर, रात्री दोन वाजता, कामाला येतं.

वाचनावरचा प्रश्नही एकच असावा: "यात देव कसा दिसतो?" आपण काय करायला हवं, हा प्रश्न लगेच विचारला की प्रत्येक उतारा शिकवण होतो आणि मुलं खाली बघायला लागतात. देव कसा दिसतो याचं उत्तर सहा वर्षांच्या मुलीला आजोबांपेक्षा चांगलं देता येतं कधी कधी. उत्तर आलं नाही तर गप्प बसावं. त्या गप्प बसण्यालाही पाऊण मिनिट द्यावं.

आता प्रत्यक्ष प्रार्थना, आणि इथे जे बिघडतं ते सांगायलाच हवं, कारण मुलं घरच्या प्रार्थनेपासून तुटतात ती बहुतेक इथेच. डोळे मिटून मारलेले टोमणे. "प्रभू, आमच्या मुलाला सुबुद्धी दे, त्याचं मोबाइलचं वेड काढ." "प्रभू, या घरातल्यांना वडीलधाऱ्यांचा मान ठेवायला शिकव." हे देवाशी बोलणं नाही. ते समोरच्या माणसाशी बोलणं आहे, आणि त्याला उत्तर देता येऊ नये म्हणून देवाला मध्ये घातलेलं आहे. सून, मुलगा, धाकटा भाऊ, ज्याच्यावर ते पडतं त्याच्या मनात 'प्रार्थना' हा शब्दच कडू होतो. नियम असा करावा: सामूहिक प्रार्थनेत खोलीत बसलेल्या माणसाच्या दोषाचं नाव घ्यायचं नाही, त्याच्यासाठी फक्त उपकार मानायचे किंवा त्यानं स्वतः सांगितलेली गरज मांडायची. तक्रार असेल तर ती प्रार्थनेबाहेर, डोळे उघडे ठेवून, त्याच्याशीच बोलावी.

दुसरं, शेजारपाजारच्या बातम्या. "अमक्याच्या मुलीच्या सासरी त्रास आहे, तिच्यासाठी प्रार्थना करू या" असं म्हणत सगळी हकीकत सांगितली जाते आणि दुसऱ्या दिवशी ती मंडळीभर, म्हणजे चर्चभर, होते. नाव घ्यावं, हकीकत सोडावी. देवाला ती ठाऊक आहे.

कुणासाठी प्रार्थना करायची याला आठवड्याचा क्रम लावला की यादी लांबत नाही: सोमवारी नातेवाईक, मंगळवारी शाळा आणि नोकरी, बुधवारी आजारी माणसं, गुरुवारी शेजारी आणि गाव, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, पाऊस आणि पाणीसुद्धा याच दिवशी. शुक्रवारी ज्यांनी आपल्याला दुखावलं ते. शनिवारी मंडळी आणि पाळक. रविवारी काहीच मागायचं नाही, फक्त आभार.

शुक्रवार सर्वांत जड जातो. मत्तयाच्या प्रभूच्या प्रार्थनेत मराठीत 'ऋण' हा शब्द आहे, आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं तशी तू आमची ऋणं सोड. याच शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात येशूनं त्या ऋणाचा आकडा दिला आहे. एका चाकराला राजाचे 10,000 तालांत देणं होतं, आणि त्या चाकराला दुसऱ्या चाकराकडून 100 दिनार येणं होतं. एक दिनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सुमारे 6000 दिनार. म्हणजे माफ झालेलं कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं, आणि ज्यासाठी त्यानं दुसऱ्याचा गळा धरला ते साडेतीन महिन्यांच्या मजुरीचं. हे दुसरं कर्जही खरंच आहे, साडेतीन महिन्यांची मजुरी ही गरिबाला लहान रक्कम नव्हे. दुखावणाऱ्यानं काही केलंच नाही असं क्षमा म्हणत नाही. रक्कम किती ते नीट मोजून, मगच ती सोडायची असते. म्हणून शुक्रवारी "सगळ्यांना क्षमा कर" असं मोघम न म्हणता प्रत्येकानं मनातल्या मनात एक माणूस आणि एक गोष्ट धरावी. मोठ्यानं सांगायची सक्ती नको. पुढच्या शुक्रवारी तोच माणूस पुन्हा आला तर पुन्हा सोडायचा. किती वेळा क्षमा करू, असं विचारणाऱ्या पेत्राला सातवर थांबायचं होतं, आणि येशूनं त्याला साताच्या सत्तर वेळा असं सांगितलं.

एक गोष्ट मात्र ठळक सांगायला हवी. घरात मारहाण होत असेल तर "क्षमा कर आणि सहन कर" हा सल्ला देणाऱ्यानं शास्त्राचा आधार घेऊ नये. ऋण सोडणं वेगळं आणि मार खात त्याच घरात राहणं वेगळं. आधी सुरक्षित जागा, महिलांसाठी 181, तातडीला 112, मुलांसाठी 1098. क्षमेचा प्रश्न त्यानंतर, आणि तोही तिच्या वेळेनं.

आजारपणातही अशीच गल्लत होते. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि कुणीतरी म्हणतं, प्रार्थनेनं बरं वाटलं, आता गोळ्या कशाला. मध्येच औषध सोडलं की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, आणि मग उपचार आणखी लांबतो, आणखी त्रासाचा होतो. गोळी घेताना तिच्यावरच उपकारस्तुती करावी, जेवणावर करतो तशी. रोजची भाकर आणि रोजची गोळी एकाच हातातून येतात. मनाच्या आजारालाही हेच लागू आहे. विश्वास कमी पडला म्हणून नैराश्य आलं, असं आजारी माणसाला सांगणं क्रूर आहे. 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येतं, तो क्रमांक पवित्र शास्त्राच्या त्याच कोऱ्या पानावर लिहून ठेवायला हरकत नाही.

प्रार्थनेची वही ठेवावी. 100 पानी साधी वही, डावीकडच्या पानावर तारीख आणि मागणं एका ओळीत, उजवं पान कोरं. काही घडलं की उजवीकडे तारीख घालून लिहायचं. महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी वाचनाऐवजी वहीच वाचायची. इथे मोह होतो तो उत्तर न आलेली मागणी खोडायचा, किंवा ती पानं पटकन उलटायचा. खोडू नयेत. प्रेषित पौलानं देहातल्या काट्यासाठी, म्हणजे सतत सलणाऱ्या एका दुखण्यासाठी, तीनदा विनंती केली आणि काटा गेला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढं उत्तर मिळालं. त्या वहीत काही उजवी पानं वर्षानुवर्षं कोरी राहतील. घरातली आशा त्या कोऱ्या पानांसकट असते. रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात पौल जो क्रम लावतो त्यात आशा शेवटी येते, संकट, धीर आणि शील यांच्यानंतर. भरलेल्या पानांवरून आनंद मिळतो. धीर कोऱ्या पानांवर शिकावा लागतो.

मृत्यूच्या घरी जायचं असेल तर वेगळी तयारी हवी. मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं, बोलायला लागल्यावर बिघडलं. पंधरा-वीस मिनिटं बसावं. "देवाची इच्छा", "देवाला चांगली माणसं आधी लागतात" ही वाक्यं घरीच ठेवून जावं. लाजर या मित्राच्या कबरेपाशी येशूला ठाऊक होतं की थोड्या वेळात लाजर पुन्हा उठणार आहे, तरी तो आधी रडला. वाचायचंच असेल तर 23वं स्तोत्र किंवा 130वं, आणि घरचे लोक रागात असतील तर 88वं. त्याचा शेवट अंधारातच होतो आणि तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे, एवढं कळलं तरी दुःखी माणसाला आधार वाटतो. मोठी प्रार्थना नको. चहाची भांडी विसळून, दुसऱ्या दिवशीचा डबा कोण आणणार ते ठरवून निघावं. तेराव्या-चौदाव्या दिवशी, जेव्हा माणसं येणं थांबतं, तेव्हा पुन्हा जावं.

वसईकडच्या कॅथोलिक घरांत संध्याकाळची जपमाळ असते, गोव्यात तिलाच तेर्स म्हणतात. पाच दशकं, म्हणजे 50 नमो मरिया, वीसेक मिनिटं लागतात. तिचा एक मोठा फायदा प्रोटेस्टंट घरांनी समजून घ्यावा: थकलेल्या माणसाला शब्द शोधावे लागत नाहीत. आपल्याकडे उत्स्फूर्त प्रार्थनेचा इतका आग्रह असतो की ज्याला बोलता येत नाही तो स्वतःला कमी विश्वासाचा समजतो. अशा वेळी एखादं स्तोत्रच प्रार्थना म्हणून वाचावं. तेही जमलं नाही तर पौल म्हणतो तसं आत्मा कण्हण्यानं आपल्यासाठी मध्यस्थी करतो, शब्दांची अट नाही.

मिझोरमच्या ख्रिस्ती घरांतली एक रीत मराठी स्वयंपाकघरात सहज बसण्यासारखी आहे. स्वयंपाकाला तांदूळ काढताना बाई त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकते आणि तो साठा मंडळीला देते. मूठ म्हणजे 30-40 ग्रॅम. दोन वेळच्या दोन मुठी, महिन्याला दोन किलोच्या आसपास. तांदळाच्या डब्याशेजारी झाकणाचा डबा ठेवावा, मूठ लहान मुलाला टाकू द्यावी, आणि महिनाअखेरीला त्याच गल्लीतल्या एका घरी पोचवावं, नाव न सांगता. पावसाळ्यात डब्यात कडुलिंबाची वाळलेली पानं घालावीत, नाहीतर सोंडे होतात.

आणि ज्यांच्या घरी प्रार्थना मोडून तीन महिने, तीन वर्षं झाली असतील त्यांनी आजच्यासाठी एवढंच करावं. कुकर उतरला की जे घरात आहेत त्यांना बोलवायचं. पुन्हा का सुरू करतो आहोत याचं भाषण नको. 117वं स्तोत्र, दोन वचनं. सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. आमेन म्हणून ताटं घ्यायची. दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि वरण गरम असतं.